रक्ताचा वारसा, हाडांची साक्ष

बंगळूर शहराच्या जुन्या वस्तीत, केंपेगौडाने 1537 च्या सुमारास वसविलेल्या पेठेत, दोन रस्ते एकमेकांना छेदून जातात. एक दोड्डपेटेचा, म्हणजे थोरल्या पेठेचा; त्याला आता अव्हेन्यू रोड असे नाव आहे. दुसरा चिक्कपेटेचा, म्हणजे धाकट्या पेठेचा. मराठी माणसाच्या तोंडी त्याचे सरळ चिकपेट झाले. ही पेठ मराठी मनाला परकी नाही. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे येथे आले आणि बंगळूर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांचा गौरीमहाल याच चिकपेटेत होता असे परंपरा सांगते. महाल राहिला नाही, जहागीरही राहिली नाही. 1687 साली मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि तीन लाख रुपयांना ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. पण राज्य गेले तरी माणसे मागे राहतात. मराठी बोलणारे भावसार आणि मराठे, त्यांच्या शेजारी देवांग विणकर, मागाहून आलेले मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापारी, फाळणीनंतर आलेले सिंधी, अशी थरावर थर चढत गेलेली ही वस्ती आहे.

धंदा मुख्यतः कापडाचा. रेशमी लुगडी, पातळे, सुटिंगचे तागे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस शाळेचे गणवेश. या दिवसांत दुकानापुढे आईबापांची आणि मुलांची दाटी होते. गेल्या वर्षीची विजार घोट्याच्या वर चढलेली असते, सदऱ्याच्या बाह्या मनगट सोडून मागे सरलेल्या असतात, आणि खर्चाची कुरकूर करताना आईच्या चेहऱ्यावर समाधानही लपत नाही. मूल वाढते आहे, याची पावती म्हणजे तोकडा झालेला गणवेश.

परंतु काही घरांत दोन दोन वर्षे गणवेश तोकडा होत नाही. मुलगा तेरा वर्षांचा, पण अंगाला माप दहा वर्षांच्या मुलाचे. असे मूल पेठेतून दक्षिणेकडे थोडे चालत गेले की जे मोठे रुग्णालय लागते तेथे, किंवा त्यालगतच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात, महिन्यातून एकदा रक्त घेण्यासाठी येणाऱ्या मुलांपैकी असू शकते. पहिले व्हिक्टोरिया रुग्णालय. ते 1900 साली लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते उघडले गेले. दुसरे वाणीविलास, 1935 सालचे. ज्या काळात ही दोन्ही रुग्णालये उभी राहिली त्या काळात या मुलांचा आजार भारतात कोणाला नावानिशी ठाऊक नव्हता. आज नाव ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, उपचारही आहेत. तरीही वयात येण्याच्या उंबरठ्यावर या मुलांची हाडे दगा देतात, आणि ती का दगा देतात हे कळण्यास जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. त्या पाऊणशे वर्षांची ही हकीकत आहे.

या आजाराची ओळख प्रथम रक्तातून पटली, असा समज असेल तर तो दुरुस्त केला पाहिजे. पहिली साक्ष हाडांनी दिली. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी टॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने पर्ल ली यांच्यासह 1925 साली एक निबंध प्रसिद्ध केला. तो भूमध्य समुद्राकाठून आलेल्या कुटुंबांतील काही मुलांविषयी होता. मुले पांढुरकी पडलेली, पोट पुढे आलेले, कारण प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात ती, बेसुमार वाढलेली. कूलीने निबंधाच्या मथळ्यातच पाणथरी आणि पांडुरोग यांच्या जोडीला हाडांतील विलक्षण फेरफारांचा उल्लेख केला होता. गालाची हाडे वर आलेली, नाकाचा पूल बसलेला, वरचे दात पुढे सरकलेले. निरनिराळ्या घरांतील मुले सख्ख्या भावंडांसारखी दिसावीत इतके चेहऱ्यांत साम्य. क्ष-किरणांनी घेतलेल्या कवटीच्या चित्रात तर हाडाच्या बाहेरच्या बाजूस बारीक उभ्या रेषा दिसत, जणू भीतीने अंगावरचे केस उभे राहावेत तशा. पुढे 1930 च्या दशकात व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून या रोगाला थॅलसेमिया हे नाव दिले. नाव काव्यमय आहे, पण फसवे निघाले. रोग एका समुद्रापुरता नव्हता. 1938 साली कलकत्त्याहून मुखर्जी यांनी भारतातील रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर सिंध, पंजाब, गुजरात, कच्छ, बंगाल, सगळीकडेच तो आढळू लागला.

हाडांत हा फेरफार का व्हावा? रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. दोन प्रकारच्या साखळ्यांच्या जोड्या जुळून ते बनते. थॅलसेमियात एक साखळी पुरेशी बनतच नाही. दुसरी एकटी पडते, पेशीत साचते आणि पेशी जन्मण्याआधीच मरते. ही पेशी जन्मते कोठे, तर हाडाच्या पोकळीतील मज्जेत. शरीराला रक्त कमी पडले की मज्जेला अधिक काम करण्याचा हुकूम जातो; मज्जा फुगते, पण तिची मेहनत वाया जाते, म्हणून पुन्हा हुकूम, पुन्हा फुगवटा. खोली मोठी करण्यासाठी आतून भिंत खरवडत जावी आणि अखेर भिंतीचा नुसता पापुद्रा उरावा, तसे हाडाचे होते. कवटी आणि चेहरा बदलतो तो याचमुळे, आणि लहानशा धक्क्याने मांडीचे हाड मोडते तेही याचमुळे.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही या साक्षीचे महत्त्व पटले. लॉरेन्स एंजेल या मानवशास्त्रज्ञाने 1966 साली पूर्व भूमध्य प्रदेशातील प्राचीन कवट्यांवरील सच्छिद्र, जाड झालेल्या हाडांचा संबंध पांडुरोगाशी, हिवतापाशी आणि दलदलींशी जोडून दाखविला. अशी कवटी केवळ थॅलसेमियानेच होते असे नाही, हे मागाहून सिद्ध झाले आणि एंजेलच्या मताला बरीच मुरड पडली. पण हिवतापाचा धागा मात्र पक्का ठरला. 1948-49 च्या सुमारास जे. बी. एस. हाल्डेन यांनी असा तर्क मांडला होता की, ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला तो मनुष्य हिवतापातून अधिक तगत असावा आणि म्हणूनच दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला असावा. हे हाल्डेन 1957 साली भारतात येऊन राहिले, येथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांचा तर्क प्रथम थॅलसेमियाविषयी होता. त्याचा भक्कम पुरावा मात्र 1954 साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिला, आणि तो दुसऱ्याच, पण याच्या भाऊबंदांपैकी एका रोगाविषयी होता. त्या रोगाची आणि मराठी मुलखाची गाठ फार घट्ट आहे.

तो रोग म्हणजे सिकलसेल. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की येथे हिमोग्लोबिनच निराळे आहे. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्यानंतर सातआठ वर्षांत तो निराळेपणा एका कणिकेपुरता, साखळीतील एका अमिनो आम्लापुरता आहे हे ओळखले. हा काळ आफ्रिकी वंशाचा रोग म्हणून त्याची गणना होण्याचा होता. तो समज ज्या ठिकाणी मोडला ते ठिकाण बंगळूरपासून फार लांब नाही. म्हैसूरवरून पुढे घाट चढला की निलगिरी लागतो. तेथील आदिवासींच्या रक्तात हरमान लेहमन आणि मेरी कटबुश यांना 1952 साली विळ्याच्या पेशी सापडल्या. त्याच वर्षी आसामातील चहामळ्यांवर गेलेल्या मजुरांतही त्या आढळल्या. 1958 साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली, आणि विदर्भाच्या एका जुन्या दुखण्याला शास्त्रीय नाव मिळाले.

जुने दुखणे असे म्हणण्याचे कारण आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्या पाड्यांवर आणि विदर्भाच्या गावांतील अनेक जातींत हे दुखणे पूर्वीपासून होते. फक्त ते वात, थंडी, बाहेरची बाधा अशा नावांनी वावरत होते. तान्ह्या मुलाचे हातपाय अचानक सुजत आणि ते रात्रभर रडत असे. मोठ्या मुलाला पावसात भिजल्यावर, तापानंतर, किंवा उन्हात पाण्यावाचून राबल्यावर हाडे फुटत असल्यासारख्या कळा येत. विळ्यासारख्या झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडाला रक्तच पोचत नाही, त्याची ही कळ. थॅलसेमियात मज्जा हाडाला आतून पोखरते. सिकलसेलमध्ये हाडाचा तुकडाच्या तुकडा उपासमारीने मरतो. भरीला, अशा मेलेल्या हाडात विषमज्वराच्या जातीचे जंतू घर करतात आणि पू धरतो. मणक्यांची मधली बाजू खचून ते माशाच्या मणक्यासारखे दिसू लागतात.

सर्वांत मोठा घाला खुब्यावर पडतो. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा फार थोड्या रक्तवाहिन्यांवर जगतो. त्या बुजल्या की गोळा हळूहळू खचतो. हे नेमके घडू लागते ते वाढीच्या वयात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत. आठवी-नववीतला मुलगा लंगडू लागतो. मैदानावर पडला असेल, असे घरचे समजतात. तेल चोळले जाते, शेक दिला जातो. त्यातच घरची गरज अशी की, सुट्टीत त्याला कामावर जावे लागते. नंदुरबारकडील किती तरी कुटुंबे उसाच्या तोडीसाठी गुजरातेत जातात. मोळी डोक्यावर आणि खुब्याचा गोळा पोखरलेला, अशा स्थितीत जो हंगाम जातो तो त्या मुलाच्या पुढल्या आयुष्याला पुरतो. दुखणे सुरू होताच तो भार उतरला आणि क्ष-किरणांच्या आधी चुंबकीय तपासणी झाली, तर काही वेळा गोळा वाचविता येतो. तो एकदा चेपला की कृत्रिम सांध्यावाचून गत्यंतर राहत नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते म्हणून येथला सिकलसेल सौम्य, असे बराच काळ पाठ्यपुस्तकांत म्हटले जात असे. विदर्भातील मुलांच्या बाबतीत तरी हे विधान सरसकट खरे नाही, हे नागपूरकडील डॉक्टरांच्या अनुभवाने दाखवून दिले. सौम्य या शब्दाने या मुलांचे बरेच नुकसान केले असे म्हणावे लागते.

पेठेतील मुलाकडे पुन्हा वळायचे तर त्याचा आजार बहुधा थॅलसेमियाचा. व्यापाऱ्यांच्या ज्या जातींत विवाह पिढ्यान्‌पिढ्या जातीतच झाले त्यांपैकी सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काहींत त्याचे वाहक अधिक सापडतात. यात कोणत्याही जातीला कमीपणा नाही. भारतात सर्व मिळून शंभरांत तीनचार माणसे या दोषाची वाहक आहेत आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्याची जाणीवही होत नाही. एकटा वाहक निरोगी असतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर मात्र प्रत्येक गरोदरपणी चारांत एक या प्रमाणात मूल रोगी होण्याचा संभव असतो. मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच त्याची कांती उडू लागते. येथे एक चूक इतक्या घरांत होते की तिचा उल्लेख टाळणे योग्य नव्हे. रक्त कमी म्हटले की लोहाचे औषध, हे गणित सर्वत्र पाठ आहे. थॅलसेमियाच्या मुलाला लोहाची वाण नसते. पुढे हेच लोह त्याचा वैरी ठरते.

तो कसा, हे या इतिहासाचे दुसरे प्रकरण आहे. पूर्वी अशा मुलांना रक्त दिले जाई ते अगदी जिवावर बेतल्यावर. मूल पाचदहा वर्षे जगे, विद्रूप झालेल्या चेहऱ्याने आणि मोडक्या हाडांनी जगे. 1964 साली फिलाडेल्फियाच्या आयर्विंग वोल्मन यांनी दाखवून दिले की, ज्या मुलांचे हिमोग्लोबिन नियमित रक्त देऊन वरच्या पातळीवर राखले जाते त्यांची वाढ चांगली होते आणि हाडेही कमी बिघडतात. कारण सरळ आहे: बाहेरून रक्त मिळाले की मज्जेला जाणारा हुकूम थांबतो आणि भिंत खरवडणे बंद होते. कूलीने वर्णन केलेला चेहरा नियमित रक्त मिळणाऱ्या मुलांत दिसेनासा झाला. मुले शाळेत जाऊ लागली. आईबापांना वाटले, गड जिंकला.

परंतु रक्ताच्या प्रत्येक पिशवीत सुमारे 200 मिलिग्रॅम लोह असते, आणि शरीरातून दिवसाला बाहेर पडते ते एकदोन मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाच्या सर्व शरीरात मिळून तीनचार ग्रॅम लोह असते. नियमित रक्त घेणाऱ्या किशोराच्या शरीरात तितके एका वर्षात जमा होऊ शकते. हे लोह यकृतात साठते, हृदयात साठते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतही साठते. हृदयाकडे सर्वांचे लक्ष होते, आणि ते स्वाभाविक होते, कारण त्याने मृत्यू येत असे. पीयूषिकेकडे लक्ष जाण्यास वेळ लागला.

या ग्रंथीच्या इशाऱ्यावर मूल वयात येते. मुलीचा ऋतू, मुलाचा आवाज फुटणे, मिसरूड, आणि त्या दोनतीन वर्षांत झपाट्याने वाढणारी उंची, हे सर्व तिच्या स्वाधीन असते. हाडांच्या दृष्टीने हा काळ सुगीचा आहे. प्रौढ माणसाच्या हाडांत जेवढे खनिज असते त्यातील जवळजवळ पाव हिस्सा या वाढीच्या शिखराभोवतीच्या दोन वर्षांत भरला जातो. विशी-पंचविशीपर्यंत कोठार जितके भरले तितक्यावर उरलेला जन्म काढायचा असतो. पीयूषिका लोहाने गंजली की सुगी येतच नाही. मुलगा सोळा वर्षांचा होतो, आवाज बारीकच राहतो. वर्गातली मुले चेष्टा करतात, घरचे लोक अंग उशिरा धरणारे घराणे म्हणून समाधान मानतात. कोठार मात्र रिकामे राहते. त्यात मानेतील परावटू ग्रंथी लोहाने बिघडल्या तर चुन्याचा हिशेब बिघडतो, स्वादुपिंड बिघडले तर मधुमेह जडतो, आणि दोन्ही पुन्हा हाडांच्या खात्यावर पडतात.

लोह बाहेर काढणारी औषधे आली ती हृदय आणि यकृत वाचविण्यासाठी. 1960 च्या आसपास स्वित्झर्लंडमध्ये एका जंतूपासून डेफेरॉक्सामिन मिळाले. ते पोटात घेऊन उपयोग होत नाही. कातडीखाली सुई टोचून लहान पंपाने आठदहा तास, आठवड्यातून पाच किंवा अधिक रात्री ते द्यावे लागते. 1970 च्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि ज्यांनी ती नेटाने पाळली त्यांचे आयुष्य कितीतरी वाढले. पण येथेही हाडांनी आपली तक्रार नोंदविलीच. कोवळ्या वयात, अंगातले लोह फार नसताना औषधाची मात्रा अधिक पडली, तर वाढीच्या कूर्चा बिघडतात, मणके चपटे होतात आणि उंची खुंटते, हे 1980 च्या दशकात ध्यानात आले. तेव्हापासून मात्रा मुलाच्या वजनाबरोबर त्याच्या अंगातील लोहही पाहून ठरविली जाऊ लागली. तोंडाने घ्यावयाचे पहिले औषध डेफेरीप्रोन. ते लंडनमध्ये शोधले गेले, पण विक्रीचा परवाना त्याला जगात प्रथम भारतात मिळाला, तोही 1990 च्या दशकाच्या मध्यास. त्याच्या चाचण्यांत मुंबईच्या डॉक्टरांचा वाटा मोठा होता. पंपाची किंमत न परवडणाऱ्या घरांना ही गोळी म्हणजे केवढा आधार वाटला असेल! तिच्यामुळे काही रुग्णांचे गुडघे सुजतात आणि दुखतात, हेही येथल्याच रुग्णांत ठळकपणे दिसून आले. 2005 नंतर दिवसातून एकदा घ्यावयाचे डेफेरासिरॉक्स आले आणि सुयांची रात्र पुष्कळ घरांतून गेली.

हाडांची घनता मोजण्याचे आजचे यंत्र 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. तोवर हाड ठिसूळ झाल्याचे क्ष-किरणांत दिसे ते त्यातील बराचसा चुना निघून गेल्यावर. यंत्र हाती येताच एक अनपेक्षित गोष्ट उघडी पडली. लंडनमधील थॅलसेमियाच्या रुग्णांची पाहणी 1998 साली प्रसिद्ध झाली. नियमित रक्त आणि लोहनाशक औषध मिळालेल्या त्या तरुण रुग्णांतही जवळजवळ निम्म्यांची हाडे अत्यंत विरळ झालेली होती. म्हणजे चेहरा सुधारला, आयुष्य वाढले, आणि हाडांचा प्रश्न नाहीसा न होता पुढच्या वयात सरकला. कूलीच्या रुग्णांना हा प्रश्न पडण्याइतके आयुष्यच लाभले नव्हते.

ही माहिती भारतात आली तेव्हा तिला येथली भर पडली. उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्वाची वाण असावी हे कोणालाही पटत नसे. पण निरोगी भारतीय मुलांतही ती सर्रास आढळते, असे गेल्या पंचवीस वर्षांतील पाहण्यांनी दाखविले. पेठेतील बोळ इतके अरुंद की दुपारच्या घटकाभराखेरीज ऊन जमिनीला लागत नाही. मूल सकाळी शाळेत, संध्याकाळी शिकवणीत. त्यात आजारी म्हणून त्याला खेळायला पाठवायचे नाही. हाडाला भार लागतो, उड्या लागतात, धावणे लागते. पाणथरी फार वाढली असेल तर कुस्ती आणि धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य, हे खरे. पण म्हणून चालणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या सरसकट बंद करून आईबाप मायेपोटी जे करतात त्याने हाड आणखी पातळ होते. खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र कानडी मुलूख भाग्यवान म्हटला पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, इतर कोणत्याही धान्यात तितका नाही. रागीमुद्द्याला शहरी घरांनी गरिबाचे अन्न म्हणून ताटाबाहेर केले होते. ते आता परत येत आहे. कोकणातल्या नाचणीच्या भाकरीचीही तीच कथा. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, हा निरोगी माणसाला दिला जाणारा सल्ला या मुलांच्या बाबतीत उलटा होतो, कारण चहाने अन्नातील लोह कमी शोषले जाते.

उपाय ठरलेले आहेत, आणि ते बहुतेक साधे आहेत. दहाव्या वर्षापासून वयात येण्याच्या खुणा डॉक्टरांनी पाहायच्या. मुलगी तेरा आणि मुलगा चौदा वर्षांचा होऊनही त्या दिसल्या नाहीत तर वाट पाहत न बसता ग्रंथींची तपासणी करायची आणि आवश्यक ते अंतःस्राव योग्य मात्रेने द्यायचे. ड जीवनसत्त्व मोजायचे आणि भरून काढायचे. हाडांची घनता ठरावीक अंतराने पाहायची. मात्र बुटक्या मुलाचे हाड यंत्राला आहे त्याहून विरळ दिसते, तेव्हा आकडा उंचीशी ताडून वाचायचा. ज्यांना जुळणारे भावंड आहे त्यांना मज्जारोपणाचा मार्ग आहे. भारतात थॅलसेमियासाठी तो प्रथम 1986 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाला, आणि वेल्लोर काही बंगळूरला दूर नाही. पण रोपणानंतर रक्त नवे झाले तरी आधी साठलेले लोह आणि आधी हुकलेली सुगी आपोआप परत येत नाही, म्हणून त्या मुलांचीही हाडे पाहत राहावी लागतात.

सरकारी पातळीवर हालचाल झाली ती उशिरा. 2016 च्या अपंगत्वविषयक कायद्यात थॅलसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. तपासणीने पुढच्या पिढीचे भले होईल. आज चौदापंधरा वर्षांचे असलेले जे मूल लंगडत शाळेत जाते त्याच्या खुब्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात अस्थितज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसले पाहिजेत, आणि ही गोष्ट मोठ्या शहरांतही अजून विरळाच घडते. रक्ताचा कागद एका खिडकीवर, हाडाचा दुसऱ्या, ग्रंथींचा तिसऱ्या. तिन्ही कागद जोडून पाहणारी बहुतेक ठिकाणी आईच असते.

चांगल्या दवाखान्यांत अशा मुलाची उंची दोनदा घेतात. एकदा भिंतीशी उभे करून, आणि एकदा स्टुलावर ताठ बसवून. उभ्या उंचीत पाय आणि धड दोन्ही येतात. बसल्या उंचीत केवळ धड. मणके चपटे होऊ लागले, किंवा वयात येणे लांबले, की पाय काही काळ वाढत राहतात आणि धड मागे पडते. दोन आकड्यांतील हे अंतर यंत्रावाचून, सुईवाचून आणि खर्चावाचून कळते, मात्र ते दर सहा महिन्यांनी टिपून ठेवावे लागते. चिकपेटेतील शिंप्याच्या फितीला ते केव्हाच कळलेले असते: विजारीचे माप वाढते आणि सदऱ्याचे थांबते.